दुसरं मत

आमच्या सरांवर मी एकदा पत्रक काढलं होतं. मथळा होता : 'मोजणारे आणि मोडणारे'. जगात दोन जातीची माणसं असतात, एक अन्याय मोडतात आणि दुसरी त्याची लांबीरुंदी मोजत बसतात, असं त्यात मी लिहिलं होतं. दुसऱ्या जातीचा एक नमुना इचोड्यात राज्यशास्त्र शिकवतो, असंही लिहिलं होतं. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. इचोड्यात राज्यशास्त्र शिकवणारा दुसरा माणूसच नव्हता.

पत्रक बसस्टँडवर वाटलं. तिसऱ्या दिवशी सरांनी मला रस्त्यात थांबवलं, खिशातून ते पत्रक काढलं आणि माझ्या हातात दिलं. लाल पेनानं नऊ ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं. 'जनतेचा आक्रोश' याच्यापुढं विचारलं होतं, 'किती जणांचा?' खाली शेरा : 'मुद्दा बरा आहे. पुरावा नाही.'

"आन आयक, पत्रकवाले," सर म्हणाले, "दुसरं काढशीन तवा आधी मले दाखव. अशुद्ध शिवी मानसाले लागत नाई."

अशा माणसाशी भांडायचं कसं, हे आमच्या संघटनेच्या शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

इचोड्यात त्यांना सगळे 'मीटर सर' म्हणायचे. नव्या माणसाची त्यानं फसगत व्हायची. एकदा हायवेवरचा एक ढाबेवाला त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. "मीटर बहुत तेज भाग रहा है सर, जरा देख लो." सरांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, तुझ्या आचाऱ्याला तुझ्याशी वाद घालता येतो का? ढाबेवाला चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

सरांचा मीटर लोकशाहीचा होता. एक जाड वही, एक मनगटी घड्याळ आणि कॉलेजच्या पीटी मास्तरकडून मागून आणलेलं, कधीच परत न केलेलं थांबघड्याळ. एवढ्या सामानावर हा माणूस जिल्ह्यातल्या ग्रामसभा हिंडायचा आणि गावाला गुण द्यायचा. पगार सरकारचा, एसटीचं भाडं स्वतःचं, रविवार सरांच्या बायकोच्या, काकूंच्या, जिवावर.

वर्गात ते पुस्तकातलं सगळं रीतसर लिहून द्यायचे. पंडितांची आपसांत भांडणं होती. एक म्हणे, राज्य करणारा निवडणुकीत हरू शकतो आणि हरल्यावर मुकाट घरी जातो, एवढं झालं की लोकशाही, जास्त मागू नका. दुसरा म्हणे, छे, लोकांना बोलता आलं पाहिजे, जमता आलं पाहिजे, जाब विचारता आला पाहिजे. कोणी देशांना 'आहे' आणि 'नाही' अशा दोनच पाट्या लावायचे, कोणी मास्तरासारखे शंभरपैकी गुण द्यायचे. हे परीक्षेपुरतं झालं की सर पुस्तक मिटायचे आणि आमच्या बोलीत उतरायचे.

"लाइट हाय का, असं इचारलं तर आपल्या गावात लाइट हाय. खांब हाय, तार हाय, बल्ब लागते. पन त्या उजेडात चिठ्ठी वाचता येते का? व्होल्टेज किती, ते बोला ना! लोकशाही हाय का नाई, हे मंत्र्याले इचारा. किती हाय, ते मले इचारा."

तास संपला की फळ्यावर त्या तासाचेच गुण लिहायचे. 'मी : चाळीस मिनिटं. तुम्ही : वीस सेकंद. हुकूमशाही.' त्या दिवशीचे वीस सेकंद माझे होते. मी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं होतं.

काकूंना या मीटरचं काडीचं कौतुक नव्हतं. "आमच्या घरचं मोजा म्हना एकडाव," त्या आम्हाला सांगायच्या. "भाजी कोनती करू, इचारलं का म्हन्तेत, तुले वाटन ते कर. आन ताटात पडली का मंग विरोधी पक्ष!" पण वहीच्या पहिल्या पानावर 'स्वगृह' असा रकाना होता आणि त्यात पस्तीस गुण होते, हे मी पाहिलेलं आहे. पास होते, एवढंच.

गावाला गुण द्यायची त्यांची रीत अशी. आधी कदम. सभेत मुख्य खुर्ची जिथं असेल तिथून निघायचं आणि सगळ्यांत मागं जो बसला असेल त्याच्यापर्यंत पावलं मोजत जायचं. सभा चालू असताना. मंडल ऑफिसचा, म्हणजे तालुक्याचा, माणूस बोलतोय आणि हे 'सात, आठ, नऊ' करत माणसांच्या मधून चाललेत. मग भाषा. ठराव ज्या भाषेत वाचला, त्या भाषेत किती जणांना शिवी देता येते, हे विचारायचं. आमचा जिल्हा सीमेपलीकडं, तेलुगू राज्यात; ठराव तेलुगूत आणि अर्ध्या गावाची शिवी मराठीत, तेव्हा इथं बहुतेक गावांची दांडी उडायची. मग घड्याळ. मागच्या माणसानं तोंड उघडल्यापासून त्याला 'बस खाली' म्हणेपर्यंत किती सेकंद. आणि सगळ्यांत शेवटी दळण. निवडणुकीत जो हरला, त्याचं दळण दुसऱ्या दिवशी गावच्या गिरणीवर घेतात का?

"हरनारा हरला पाह्यजे, हे पुस्तकात लिवलं हाय," सर म्हणायचे. "हरल्यावर त्यानं खाचं काय, हे नाई लिवलं."

कदमांचं खूळ कुठून आलं, ते एकदाच सांगितलं त्यांनी, तेही मी चिडवलं म्हणून. त्यांचे वडील एका पटेलाकडं, म्हणजे गावच्या पाटलाकडं, सालदार होते. "मी बापासंग चावडीवर जात होतो. आमी भाईर, लिंबाखाली. आत काय बोलून राह्यले, आयकू येत नव्हतं. आतून 'समद्यायले मंजूर?' असा आवाज आला का बाप मान हालवे. मी इचारलं, बा, काय मंजूर केलं? बाप म्हने, घरी गेल्यावर कळन." मग म्हणाले, "मोठा झाल्यावर मोजून आलो. बावीस कदम."

मला तेव्हा वाटलं, अरे मग त्या पटेलाची कॉलर धरायची सोडून बावीस कदम कसले मोजता? तसं मी बोललोही. सर म्हणाले, "कॉलर धरासाठी आधी जवळ जा लागते. किती कदम जा लागते, ते मी सांगून राह्यलो."

त्यानंतरची माझी पत्रकं ते नेहमी तपासून द्यायचे. 'समस्त जनतेचा एकमुखी निर्धार' असं मी एकदा लिहिलं. 'एकमुखी'ला लाल गोल. "एक मुख? बाकीच्यायची तोंडं कोठं ठेवली, बावा?"

आता त्या गावाची गोष्ट. नार्नूरकडचं गाव. जिल्हा तेव्हा आंध्रात होता, आणि सरपंच निवडणुकीशिवाय एकमतानं ठरला तर सरकार गावाला बक्षीस द्यायचं. सरकारी तेलुगूत त्याला 'एकग्रीवम' म्हणतात. ग्रीवा म्हणजे मान. या गावानं लागोपाठ तीन वेळा एकग्रीवम केलं होतं, आणि तिन्ही वेळा सरपंच पटेलाच्या घरचा. पंचायतीच्या भिंतीवर कौतुकाचा कागद काच लावून टांगलेला होता. सरांनी त्या गावाला शून्य दिलं.

पटेल सभ्य माणूस. चहा मागवला. "सर, आमच्या गावात भांडन म्हनून नाई."

"भांडन नाई, का भांडनारा नाई?" सरांनी विचारलं आणि चहा प्याले. परतताना एसटीत मला म्हणाले, "दोन्ही भाषा खरं बोलून राह्यल्या, पाह्य. मराठीत एकमत, म्हंजे एकाचंच मत. तेलगूत एकग्रीवम, म्हंजे गावाले मान एकच. हालवाले सोपी."

हे वाक्य मी उचललं, छापलं, आणि संघटनेत भाषण ठोकलं की या खेपेला तिथं निवडणूक झालीच पाहिजे. सरपंचाची जागा बायांसाठी राखीव झाली होती. पटेलानं आपली थोरली सून पुढं केली होती. आम्ही शेतमजुरी करणारी एक बाई शोधली. तिला इथं कांताबाई म्हणू. सातवी शिकलेली, नवरा मारोती पटेलाच्याच शेतावर. इचोड्यात चहाच्या हॉटेलामागच्या खोलीत बैठक झाली. आम्ही पाच जण बोललो. मी सगळ्यांत जास्त. ठराव झाला, टाळ्या झाल्या, पत्रकावर 'रणरागिणी कांताबाई' छापायचं ठरलं. सर कोपऱ्यात बसून होते.

बाहेर आल्यावर त्यांनी वही उघडली. "तुमची संघटना. कदम पाच, लय चांगलं. खुर्च्या सारख्या, चांगलं. भाषा मराठी, पैकीच्या पैकी. घड्याळ." त्यांनी चष्मा नीट केला. "कांताबाई, शून्य मिनिट, शून्य सेकंद."

"ती बोललीच नाई, सर!"

"कोनी इचारलं?"

"तिच्याचसाठी तर सगळं करून राह्यलो ना आमी!"

"पटेलही तेच म्हन्ते," सर म्हणाले, आणि शून्याभोवती गोल काढला.

'मोजणारे आणि मोडणारे' मी त्याच संध्याकाळी लिहिलं. रागात लिहिलं, म्हणून नऊ चुका.

अर्ज मागं घ्यायचा दिवस उजाडला. मुदत दुपारी तीनची. मंडल ऑफिससमोरच्या झाडाखाली कांताबाई बसलेली. एका बाजूला पटेल आणि गावची माणसं, जीप करून आलेली. एका बाजूला आम्ही, झेंडा घेऊन. मधल्या जमिनीवर अर्ज मागं घ्यायचा कागद, त्यावर दगड ठेवलेला.

"सही कर अन् चाल जीपमंदी," एक म्हातारा म्हणत होता. "तुह्या एकटीपायी गावाचं बक्षीस जाते. शाळेची भिंत राह्यली हाय ना व!"

"मारोतीनं उद्या कोठं कामाले जाचं?" दुसरा.

"कांताबाई, मागं हटायचं नाही! इतिहास तुमच्याकडं बघून राह्यला!" हे मी.

मारोती दोन्हीकडच्या मधे उभा होता आणि टोपी काढून परत घालत होता. पावणेतीन होऊन गेले. एवढ्यात उटनूरकडून आलेल्या एसटीतून सर उतरले. आले, सवयीनं पावलं मोजली, आणि कांताबाईच्या समोर मातीत मांडी घालून बसले. थांबघड्याळ काढून कागदावरच्या दगडाशेजारी ठेवलं.

"जयभीम बाई. तुमाले काय वाटते?" मग आमच्या सगळ्यांकडं वळून, "आता कोनी बोलाचं नाई. बाईचा टाइम चालू झाला."

बटण दाबलं. कांताबाई गप्प. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिला काय बोलायचं ते सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. पटेल खाकरले. "सर, तीन वाजून राह्यले."

"ते ऑफिसचं घड्याळ. हे बाईचं हाय."

चार मिनिटांनी कांताबाई बोलली. मातीकडं बघत बोलली.

"लगन होऊन आली तवापासून ह्या गावात सरपंचाचं वोटिंग मी पाह्यलं नाई. आमदाराच्या टायमाले जातो आमी. शिक्का कोठं माराचा ते घरून सांगून धाडतेत. मले एकडाव त्या पडद्यामागं एकटीनं जाचं हाय. अन् कागदावर माह्यं नाव पाहाचं हाय. मी काई निवडून येत नाई, मले मालूम हाय." मग माझ्याकडं पाहिलं. "अन् दादा, तुमच्या कागदावर ते रणरागिणी लिवलं ना, ते काढा. पोरं हासतेत. मले कांता म्हन्तेत."

दगड उचलून तिनं तो कागद पटेलाच्या हातात दिला. कोराच.

सरांनी बटण दाबलं आणि वहीत लिहिलं : 'मौन चार मिनिटं, भाषण एक मिनिट दहा सेकंद.' बेरीज पाच मिनिटं दहा सेकंद धरली. मौन कशाला धरलं, म्हणून मी विचारलं. "तो बी तिचाच टाइम," सर म्हणाले.

निवडणूक झाली. कांताबाईला शिडी चिन्ह मिळालं, पटेलाच्या सुनेला कपबशी. दुपारी एकपर्यंत मतदान, दोनपासून शाळेतच मोजणी. कपबशीचा गठ्ठा वाढत वाढत टेबलाच्या कडेला आला. शिडी : दोन.

पटेलाची माणसं हसली. आमच्या संघटनेचे दोघं झेंडा गुंडाळून आधीच्या बसनं निघून गेले. कांताबाई तेवढी कपाळाला आठी घालून उभी होती. "दोन? एक माह्यं. दुसरं कोनाचं?"

मी तिथल्या तिथं 'लोकशाहीचा खून' हे पत्रक लिहायला घेतलं. सर म्हणाले, "खून म्हन्तं तर मुडदा दाखव. उद्या गिरनीवर जाऊ."

दुसऱ्या दिवशी कांताबाई दळण घेऊन गिरणीवर गेली. घेऊ नको, असा निरोप गिरणीवाल्याला आधीच पोचलेला होता. गिरणीवाल्यानं डबा बाजूला सरकवला. कांताबाई उभी राहिली. आम्ही दाराबाहेर उभे, सरांच्या हातात घड्याळ. बायांची रांग संपली. गिरणीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं, डबा उचलून गिरणीत ओतला, आणि पट्ट्याच्या आवाजात तिच्या कानाशी म्हणाला, "ते दुसरं मत माह्यं होतं, बाई. कोनाले बोलू नको."

ती घरी आली तर मारोती म्हणाला, "तुले सांगाचं राह्यलं. दुसरं मत माह्यं." सासू आतून ओरडली, "खोटा हाय तो! माह्यं हाय ते!" आठवडी बाजारापर्यंत अकरा जण झाले. कोणी विहिरीवर, कोणी बांधावर. अर्ज मागं घे म्हणून जीपमधून आलेला तो म्हातारासुद्धा. प्रत्येकानं एकट्यात सांगितलं आणि प्रत्येकानं कोणाला बोलू नको म्हटलं. कांताबाईनं ते सगळं सरांना सांगितलं, आणि सरांनी अकरा नावं ओळीनं लिहून घेतली.

"सर, मत एक अन् मालक अकरा!" मी म्हणालो. "दहा जण तोंडावर खोटं बोलून राह्यले. लाज वाटली पाह्यजे ह्या गावाले."

"हो ना," सर म्हणाले. "महिन्याआधी ह्या गावात असं खोटं बोलाले एक मानूस तयार नव्हता." आणि त्यांनी वहीत नवा रकाना आखला, 'खोटे दावे', त्यात गुण दिले दहा.

मला हे पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. दोन मतांनी पोट भरत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

मग नव्या पंचायतीची पहिली ग्रामसभा. सरपंचबाई खुर्चीवर, पदर कपाळापर्यंत. शेजारच्या खुर्चीवर सासरे, म्हणजे पटेल. बोलत होते तेच. कांताबाई सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून. सर मोजत आले. "चोवीस. माह्या बापापेक्षा दोन जास्त."

ठराव बोअरचा होता. नवं बोअर पटेलाच्या वाड्याजवळ घ्यायचं. मंडल ऑफिसच्या क्लार्कनं तेलुगूत भराभर वाचलं, शेवटी 'एकग्रीवंगा', म्हणजे एकमतानं, असं म्हणाला आणि रजिस्टर सहीसाठी सरपंचबाईसमोर सरकवलं. बाईंनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं नाही.

"मागच्या बाईले इचारलं नाई," त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक, की कोण बोललं ते आधी कोणाला कळेना. पटेल वळले. "कोन्या बाईले?"

"ते काय, शिडीवाली."

"तिले काय इचाराचं? झालं ना इलेक्शन!"

"झालं म्हनूनच इचारा, मामाजी."

कांताबाई उठली. मागच्या वस्तीतल्या बाया पाण्याला किती लांब जातात ते तिनं सांगितलं, कोणत्या घरापासून कोणत्या विहिरीपर्यंत, नावं घेऊन. दोनदा पटेल 'बरं बरं' म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्यांनी सुनेच्या हाताकडं पाहिलं. टोपण लावलेलंच होतं. बोलून झाल्यावर कांताबाई आपसूक खाली बसली, कोणी बस न म्हणता. ठराव काही तिच्या बाजूनं झाला नाही. पुढच्या सभेवर ढकलला. पण क्लार्कला 'एकग्रीवंगा'वर काट मारावी लागली, आणि ती काट मी डोळ्यांनी पाहिली.

एसटीत बसल्यावर मी विचारलं, "किती बोलली, सर?"

सरांनी खिशातून थांबघड्याळ काढलं. काटा शून्यावर होता. "बटन दाबाचं राह्यलं," म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली, त्या गावाचं पान काढलं, आणि अकरा नावांवर लाल पेनानं एकेक रेघ मारली. गिरणीवाला, मारोती, सासू, जीपवाला म्हातारा, सगळे. बारावं नाव काही लिहिलं नाही.

"मंग कोनाचं होतं, सर?" मी विचारलं. मला माहीत होतं. त्यांनाही.

"मतदान गुप्त राह्यते, पत्रकवाले," सर म्हणाले. "छापू नको."

सरांची आता निर्मलकडं बदली झाली आहे. हे लिहिलेलं मी त्यांना पाठवणार आहे, लाल होऊन परत येईलच. त्या दोन्ही बाया अजून त्याच गावात आहेत. म्हणून गावाचं नाव मी इथं घातलेलं नाही.